ऐतिहासिक लाकडी होडीच्या कामाला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

जुन्या पद्धतीची लाकडी होडी स्वतःच्या हातांनी बांधायची किंवा दुरुस्त करायची आणि मग त्या काळचे कपडे घालून ती वल्ह्यांवर, शिडावर चालवायची. सागरी रीएनॅक्टमेंट म्हणतात ते हेच. जगात बऱ्याच ठिकाणी हे काम स्वयंसेवकांच्या जोरावर चालतं. त्यात शिक्षक असतात, निवृत्त इंजिनियर असतात, कॉलेजची मुलं असतात, आणि आयुष्यात कधी रंधा हातात न धरलेलेही पुष्कळ असतात. सुतारकाम येत नाही म्हणून कोणी कोणाला परत पाठवत नाही.

नवा माणूस वैतागतो तो वेगळ्याच कारणाने. एक जण सांगतो ही फळी काढून टाक, दुसरा म्हणतो तिला हातसुद्धा लावू नकोस. एका होडीवर इपॉक्सी (कडक होऊन बसणारा कृत्रिम गोंद) सर्रास चालतं, शेजारच्या होडीजवळ त्याचा डबा नेला तरी ओरडा बसतो. नियम कुठे लिहिलेले नसतात, आणि जुन्या मंडळींना ते इतके अंगवळणी पडलेले असतात की सांगायचं सुचत नाही. बरीच वर्षं या शेडमधल्या भुशात वावरल्यावर माझं मत असं झालंय, की यातला निम्मा गोंधळ एक प्रश्न आधी विचारला तर मिटतो. म्हणून सुरुवात त्यानेच.

१. होडी मूळची आहे, पुनर्बांधणी आहे की फक्त जुन्या घाटाची?

हत्यार उचलण्याआधी हे विचारा. पुढचं जवळजवळ सगळं याच्या उत्तरावरून ठरतं.

मूळची होडी म्हणजे तिचं प्रत्येक लाकूड हा पुरावा. टोकाचं उदाहरण स्वीडनच्या वासा या युद्धनौकेचं. १६२८ साली पहिल्याच सफरीत ती बुडाली, १९६१ मध्ये वर काढली, आणि सुकताना लाकूड आकसून चिरफळू नये म्हणून तिच्यावर १७ वर्षं पॉलिथिलीन ग्लायकॉल या रसायनाचे फवारे मारावे लागले. अशी नौका पुन्हा पाण्यात जात नसते. पण मूळच्या सगळ्याच होड्या संग्रहालयात नसतात. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पायलट गिग नावाच्या सहा वल्ह्यांच्या होड्या आहेत. त्यातल्या १८३८ साली बांधलेल्या ‘ट्रेफ्री’ची मापं आजही नव्या गिगसाठी प्रमाण मानतात. अशा वापरातल्या जुन्या होडीच्या फळ्या वेळोवेळी बदललेल्या असतात आणि पुढेही बदलाव्या लागणार असतात. चालत्या जहाजांचं जतन कसं करावं यावर युरोपात ‘बार्सिलोना चार्टर’ नावाची तत्त्वं मांडलेली आहेत. थोडक्यात त्यांचा रोख असा: जेवढं बदलणं भाग आहे तेवढंच बदला, त्याच प्रकारच्या मालाने बदला आणि त्याची नोंद ठेवा.

पुनर्बांधणी म्हणजे पुराव्यावरून नव्याने बांधलेली होडी. डेन्मार्कमध्ये रॉस्किल्डच्या खाडीतून १९६२ साली पाच व्हायकिंग जहाजांचे अवशेष काढले. मूळ तुकडे संग्रहालयात आहेत आणि त्यांच्या प्रतिकृती पाण्यावर. त्यातली लांब युद्धनौका आयर्लंडमधल्या ओकची आहे आणि १०४२ च्या सुमाराला बांधलेली आहे हे लाकडाच्या वर्षवलयांवरून कळलं. म्हणून तिची सुमारे ३० मीटर लांबीची प्रतिकृती २००७ मध्ये स्वयंसेवक खलाशांनी थेट डब्लिनला नेली. पुरावा दर वेळी इतका भरघोस नसतो. भारतीय नौदलात २०२५ साली दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही दोराने शिवलेली नौका अजिंठ्याच्या एका चित्रावरून बांधली. चित्रातून बाहेरचा घाट मिळतो, आतल्या बरगड्या काही दिसत नाहीत. ती उणीव अभ्यासाने आणि पारंपरिक कारागिरांच्या हातातल्या ज्ञानाने भरून काढावी लागते.

तिसरा प्रकार जुन्या घाटाच्या होडीचा. वळण जुनं, माल नवा. स्कॉटलंडमधली सेंट आयल्स स्किफ अशीच आहे. फेअर आयल बेटावरच्या जुन्या होडीच्या वळणाची, पण प्लायवुडचे भाग आधीच कापून आलेले असतात आणि गावकरी मिळून ते जोडतात. चार वल्हेकरी, एक सुकाण्या. काही कट्टर मंडळी या प्रकाराला नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. नवशिक्याला होडीचा आकार कसा उभा राहतो हे सगळ्यात लवकर इथेच कळतं.

आता इपॉक्सीचं कोडं सुटेल. तिसऱ्या प्रकारात ते रीतसर साहित्य आहे. मूळ होडीत मात्र एकदा ओतलं की पुन्हा निघत नाही आणि आत अडकलेलं पाणी लाकूड कुजवत राहतं. पुनर्बांधणीत ते वापरलं तर प्रयोगच खोटा ठरतो. कारण पुनर्बांधणी हा प्रयोग असतो. १९८७ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘ऑलिंपियास’ या ग्रीक युद्धनौकेच्या प्रतिकृतीवर १७० वल्हेकरी बसतात. चाचण्यांसाठी देशोदेशीचे स्वयंसेवक आले, त्यांनी वल्हवलं, आणि दोन बाकांमधलं अंतर कमी धरल्यामुळे उंच माणसाला पुरता ओढा घेता येत नाही हे लक्षात आलं. कागदावरच्या आराखड्यात हे कोणाला दिसलं नव्हतं.

२. गट निवडताना काय बघायचं

उद्घाटनाच्या किंवा प्रदर्शनाच्या दिवशी जाऊ नका. कामाच्या दिवशी जा. चहाच्या सुट्टीत बसा आणि हे विचारा:

- होडी कोणाच्या मालकीची आहे आणि तसा कागद आहे का?
- कामाचा अंतिम शब्द कोणाचा? अनुभवी नावबांधणी कारागीर नियमित येतो का?
- होडीवर छप्पर आहे का?
- पाण्यात उतरल्यावर तिची देखभाल कोण करणार आणि त्याचे पैसे कुठून येणार?

छपराचा प्रश्न फालतू वाटेल, पण मी तो सगळ्यात वर ठेवते. उघड्यावर ठेवलेल्या होडीत पावसाचं पाणी साचतं आणि तुम्ही एक फळी बदलेपर्यंत दोन कुजतात. असे गट प्रामाणिक असतात, कष्टाळू असतात आणि दर वर्षी जिथल्या तिथे असतात.

“होडी कधी पूर्ण होणार?” हे विचारा जरूर, पण उत्तर ऐकून हिशेब मांडू नका. नेदरलँड्समधल्या ‘बाटाविया’ या १७ व्या शतकातल्या जहाजाच्या प्रतिकृतीला १९८५ ते १९९५ इतका काळ लागला. फ्रान्समधल्या ‘एर्मिओन’ या फ्रिगेट जातीच्या युद्धनौकेच्या प्रतिकृतीचं काम १९९७ मध्ये सुरू झालं आणि ती समुद्रावर गेली २०१४ मध्ये. लहान होडी एखाद-दोन हंगामांत होते, पण स्वयंसेवकांच्या सुट्ट्यांवर चालणाऱ्या कामाला स्वतःचं घड्याळ असतं.

३. कागदपत्रं

हे उरकून टाका, म्हणजे पहिल्या दिवशी नुसतं बघत उभं राहावं लागणार नाही. तपशील गटागणिक बदलतात, पण सहसा हे लागतं:

- ओळखपत्राची प्रत आणि तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं त्याचा फोन नंबर
- आजार, औषधं आणि ॲलर्जी यांची माहिती (दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असेल तर लपवू नका, पुढे कळेल का ते)
- धनुर्वाताची लस घेतल्याची तारीख
- जोखीम समजल्याचं संमतिपत्र. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांचं
- गटाच्या विम्यात स्वयंसेवक धरलेले आहेत का, याचा पुरावा. हा तुम्ही द्यायचा नाही, तुम्ही मागायचा
- पाण्यावर जाणार असाल तर पोहता येत असल्याची चाचणी
- कुठली यंत्रं वापरायला तुम्हाला शिकवलं आहे त्याची सही केलेली नोंद

शेवटची नोंद होईपर्यंत बँडसॉ आणि प्लेनर या यंत्रांना हात लावू नका, कोणी “अरे, सोपं आहे” म्हटलं तरी.

४. अंगावर काय, नाकावर काय

जाड तळव्याचे बूट, सुती कपडे, सैल बाह्या नाहीत, अंगठी आणि गळ्यातलं घरी. केस बांधलेले. डोळ्यांना चष्मा, कानाला संरक्षण. एवढं सगळ्यांना माहीत असतं. जे माहीत नसतं ते असं.

जुन्या होडीच्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते. शेंदरी दिसणारा अस्तराचा थर तर बहुतेक वेळा शिशाचाच. तो कोरडा घासायचा नाही. आधी तपासणी करून घ्यायची आणि मग ओला करून खरवडायचा, योग्य फिल्टरचा मास्क लावून. निघालेली खरवड गोळा करून वेगळी ठेवायची आणि त्या कपड्यांत घरी लहान मुलाला उचलून घ्यायचं नाही. ओकसारख्या कठीण लाकडाची बारीक धूळही निरुपद्रवी नाही, वर्षानुवर्षं नाकात गेली तर तिच्यामुळे कर्करोगाचा धोका असतो. साधा कापडी मास्क या दोन्हींसाठी कुचकामी.

जवसाच्या तेलाचे फडके हा दुसरा सापळा. तेल पुसलेला फडका चुरगळून कोपऱ्यात टाकला की तेल हवेतला ऑक्सिजन घेत सुकतं, त्यात उष्णता निर्माण होते, ती बोळ्यात कोंडते आणि काही तासांत फडका आपोआप पेट घेतो. कोणी काडी लावायची गरज नसते. लाकडाच्या भुशाने भरलेल्या शेडमध्ये याचा अर्थ काय, ते सांगायला नको. फडके एकेक करून उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. घरी जाण्यापूर्वी शेडमध्ये एक फेरी मारून फडके बघणं हे काम मी नव्या माणसालाच देते. सवय लागते.

इपॉक्सी उघड्या हातावर लागू देऊ नका. एकदा त्याची ॲलर्जी जडली की ती जन्माची असते.

५. हत्यारं: काय विकत घ्यायचं, काय नाही

सुरुवातीला काहीच घेऊ नका. पहिले काही आठवडे तुम्ही झाडणार, खरवडणार, घासणार आणि फळीचं दुसरं टोक धरून उभे राहणार. त्यात अपमान वाटून घ्यायचं कारण नाही. फळीचं दुसरं टोक धरणाऱ्यालाच सगळं काम जवळून बघायला मिळतं.

मन रमलं तर मग स्वतःचं एवढं ठेवा:

- सुतारी पेन्सिल, मोजपट्टी, गुण्या
- तिरका कोन घेण्याचा सरकता गुण्या (होडीत काटकोन जवळजवळ नसतोच, त्यामुळे साध्या गुण्यापेक्षा हाच जास्त लागतो)
- २५ मिलिमीटरची एक चांगली पटाशी आणि लाकडी मोगरी
- हातात मावणारा लहान रंधा
- धार लावायचा दगड

धार लावायला शिकल्याशिवाय दुसरं हत्यार घेऊ नका. बोथट पटाशीला जोर जास्त लावावा लागतो आणि ती सटकते, म्हणून जखमा बोथट हत्यारानेच जास्त होतात. वाकस, मोठी कुऱ्हाड, गिरमिटं, फटी भरायची लोखंडं, क्लॅम्प (लाकूड आवळून धरणारे शिकंजे) हे गटाचं असतं. क्लॅम्प कितीही असले तरी कमीच पडतात. गटाला भेट द्यायची असेल तर क्लॅम्प द्या.

पुनर्बांधणीच्या कामात हत्यारंही त्या काळची वापरतात. व्हायकिंग जहाजाच्या फळ्या करवतीने कापत नाहीत. ओकचं खोड पाचरी ठोकून उभं चिरतात, मध्यापासून सालीकडे, मोसंबीच्या फोडी केल्यासारखं, आणि मग कुऱ्हाडीने तासतात. अशा फळीत लाकडाचा धागा टोकापर्यंत अखंड राहतो, म्हणून ती पातळ असूनही मजबूत असते. इंग्लंडमध्ये सटन हूला १९३९ साली उत्खननात २७ मीटरच्या अँग्लो-सॅक्सन जहाजाचा ठसा सापडला. लाकूड कधीच नाहीसं झालं होतं, वाळूत उरले होते ते खिळे आणि आकार. जवळच्या वुडब्रिज गावात त्या जहाजाची पूर्ण आकाराची पुनर्बांधणी स्वयंसेवक याच कुऱ्हाडीच्या पद्धतीने करतात.

६. काहीही काढण्याआधी नोंद करा

या पायरीवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि तेही उत्साहाच्या भरात.

जुनी होडी शेडमध्ये आली की लोकांचे हात शिवशिवतात. कुजकी फळी दिसते, ती ओढली की निघते आणि संध्याकाळपर्यंत अर्धी बाजू मोकळी होते. काम झाल्यासारखं वाटतं. पण लाकडी होडीचा आकार फळ्या आणि बरगड्या एकमेकांना धरून ठेवतात. एका दमात फळ्या काढल्या की सांगाडा मोकळा होतो, टोकं खाली येतात, पोट फाकतं, आणि नव्या फळ्या त्या बिघडलेल्या आकारावर बसतात. मग ती होडी पाण्यात कधीच पहिल्यासारखी चालत नाही, आणि का ते कोणाला सांगता येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा.

आधी होडी नीट बसवा. कण्याखाली (म्हणजे तळाच्या मुख्य लांब लाकडाखाली) जवळजवळ अंतरावर ठोकळे, दोन्ही कुशींना टेकू. कण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून तो सरळ आहे का पाहा. वाकलेला असेल तर घाईने जॅक लावून सरळ करायला जाऊ नका. वर्षानुवर्षं वाकलेलं लाकूड आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं मागे आणावं लागतं.

मग आडव्या छेदांची मापं घ्या. ठरावीक अंतरावर आतून पातळ प्लायवुडचे साचे बनवून बसवा. हे साचे नंतर आकार धरून ठेवायलाही उपयोगी पडतात.

मग फोटो. प्रत्येक फोटोत मोजपट्टी आणि जागेचं नाव लिहिलेली चिठ्ठी असू द्या. ‘डावी बाजू, कण्यापासून चौथी फळी, पुढून दुसरा तुकडा’ असं. “नंतर लक्षात राहील” म्हणून काढलेले शेकडो फोटो कोणाच्याही कामाचे नसतात.

आणि मगच फळी काढा. एक काढा, एक बसवा, किंवा फार तर एकाआड एक. निघालेली जुनी फळी जळणात टाकू नका. ती नव्या फळीचा साचा असते, तिच्यातल्या खिळ्यांच्या भोकांवरून आधीच्या दुरुस्त्या कळतात, आणि वर्षवलयं शाबूत असतील तर लाकडाचं वयही निघू शकतं. खालच्या बाजूला नंबर टाकून ती कोरड्या जागी ठेवा. नव्या लाकडावरही आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला वर्ष कोरा. पुढच्या पिढीतला दुरुस्ती करणारा तुम्हाला दुवा देईल.

७. कुजलेलं कुठे शोधायचं

नवा माणूस पाण्याखालच्या भागाकडे बघतो. कुज बहुतेक वेळा वरून सुरू होते. मिठाचं पाणी बुरशीला फारसं मानवत नाही, पावसाचं गोडं पाणी मानवतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली आणि हवा मिळाली की बुरशी धरते. म्हणून डेकखालचे कोपरे, बरगड्यांची वरची टोकं, नाळेजवळचे (म्हणजे पुढच्या टोकाजवळचे) आणि मागच्या फळकुटाजवळचे सांधे, लोखंडी पट्टीच्या मागची जागा आधी बघा. बारीक टोच्याने टोचा, टोचा आत गेला तर लाकूड गेलं. हातोडीच्या दांड्याने ठोकून ऐका. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, कुजकं भद्द. रंगावर विसंबू नका, जाड रंगाखाली आख्खी बरगडी पावडर झालेली असू शकते.

मोठ्या आणि निगा राखलेल्या जहाजांनाही हे चुकत नाही. ज्या ‘एर्मिओन’चा वर उल्लेख आला, ती २०२१ मध्ये तपासणीसाठी गोदीत काढल्यावर तिच्या लाकडात बुरशीचा मोठा प्रादुर्भाव सापडला. अटलांटिक ओलांडून आल्याला तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती.

खाऱ्या पाण्याखाली धोका वेगळा: लाकूड पोखरणारा किडा. बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढं भोक, आत बोटाएवढं भुयार. तिथे टोच्या नीट चालवावा लागतो.

८. लाकूड वाकवणं आणि खिळे मारणं

लाकूड वाकण्याइतकं मऊ करायची वाफेची पेटी पेटवली की शेडमध्ये जत्रा भरते. जाडीच्या दर इंचाला एक तास वाफ, हा ढोबळ हिशेब. हवेवर वाळलेलं किंवा ओलसर लाकूड घ्यावं. भट्टीत सुकवलेलं लाकूड वाकण्याऐवजी मोडतं. पेटीतून काढल्यावर हाताशी फार तर अर्धा-एक मिनिट असतो, त्यामुळे कोणी कुठे उभं राहायचं, क्लॅम्प कोणाच्या हातात, पहिलं टोक कुठे टेकवायचं याची आधी थंड फळीवर रंगीत तालीम करा. जाड चामडी हातमोजे घाला. पेटीचं दार उघडताना चेहरा बाजूला. एखादी बरगडी कडकन मोडेलच, म्हणून दोन-तीन जादा तयार ठेवा.

फळीवर फळी चढवून बांधलेल्या होडीत तांब्याचे खिळे मारायला दोघं लागतात, आणि नव्या माणसाच्या वाट्याला बाहेरची बाजू येते. बाहेरच्याने जड लोखंडी ठोकळा खिळ्याच्या डोक्यावर दाबून धरायचा. आतला माणूस खिळ्याच्या टोकावर तांब्याची छोटी चकती ठोकून बसवतो, उरलेलं टोक कापतो आणि गोल तोंडाच्या हातोडीने हलकेच ठोकत ते चकतीवर पसरवतो. दोघांमध्ये फळी असते, एकमेकांचं तोंड दिसत नाही. ठोकळा नीट टेकलेला असला की आवाज भरीव येतो, सुटला की पोकळ येतो आणि आतून हाक येते. तासाभराने खांदा भरून येतो तेव्हा जागा बदला. दमलेल्या हाताने धरलेल्या ठोकळ्यामुळे खिळा आत वाकतो आणि ते बाहेरून दिसत नाही.

धातूंची सरमिसळ करू नका. तांबं किंवा ब्राँझ आणि लोखंड जवळजवळ असले आणि मध्ये खारं पाणी आलं की लोखंड झपाट्याने खाल्लं जातं. साधं पितळ समुद्राच्या पाण्यात ठिसूळ होतं. स्टेनलेस स्टीलवरही आंधळा विश्वास नको, ओल्या लाकडात हवा मिळाली नाही की तेही आतून खड्डे पडून गंजतं. ओकमधल्या टॅनिनमुळे लोखंडी खिळ्याभोवती काळं वर्तुळ उमटतं, ते दिसलं की त्या खिळ्याची तब्येत तपासा.

९. फटी भरणं आणि पाण्यात उतरवणं

आधी बांधणीचा प्रकार ओळखा. फळ्या कडेला कड लावून बसवल्या असतील तर मधल्या फटीत सुताच्या वाती किंवा डांबरात भिजवलेले दोराचे तंतू ठोकून बसवतात, वर पुट्टी. फळीवर फळी चढवलेल्या होडीत असं काही ठोकायचं नसतं. व्हायकिंग जहाजांत बांधतानाच दोन फळ्यांमध्ये डांबर लावलेली लोकर घालत. अशा होडीच्या जोडात नंतर सिलिकॉन भरणं हा दुरुस्तीच्या नावाखाली केलेला अत्याचार आहे. त्याने जोड फाकतो, आणि पुढे काहीच चिकटत नाही.

महिनोन्महिने शेडमध्ये सुकलेल्या होडीच्या फटी भयंकर रुंद दिसतात. हात आवरा. लाकूड पाण्यात फुगतं. कोरड्या फटी गच्च ठासल्या तर फुगलेल्या फळ्यांना जागाच उरत नाही, मग त्या खिळे उपटतात किंवा बरगड्या मोडतात. वात किती घट्ट बसली हे मोगरीच्या आवाजावरून आणि हाताला लागणाऱ्या झटक्यावरून कळतं. ते लिहून सांगता येत नाही, जाणत्या माणसाच्या शेजारी बसूनच शिकावं लागेल.

उतरवण्याआधी काही दिवस होडीच्या आत ओली पोती पसरा. उतरवल्यावर ती गळणारच, घाबरू नका. दोरांवर किंवा पट्ट्यांवर टांगती ठेवा, पंप चालू ठेवा, रात्री पाळीने जागा. लाकूड फुगून फटी मिटायला लहान होडीला एखाद-दोन दिवस, मोठीला त्याहून जास्त लागतात. पाहुणे, भाषणं आणि पहिली सफर एकाच दिवशी ठेवायचा मोह गटातल्या कोणाला तरी होतोच. त्याला विरोध करा.

१०. पोशाख घालून पाण्यावर

इथे अस्सलपणा आणि सुरक्षितता यांची ओढाताण सुरू होते. माझी बाजू स्पष्ट आहे: किनाऱ्यावर हवं तितकं अस्सल राहा, पाण्यावर नाखवा सांगेल ते.

लोकर भिजली तरी बरीच ऊब देते, म्हणून ती चांगली. चिलखत होडीत घालायचं नाही, फोटोसाठीही नाही. बूट पटकन निघणारे हवेत. सुरी दोरीने कमरेला बांधलेली, म्यानात. तोफ किंवा बंदुकीची दारू असेल तर ती परवाना असलेल्या माणसानेच हाताळायची, आणि त्याने नाही म्हटलं की चर्चा संपली.

लाइफ जॅकेट दिसू नये म्हणून काही जण फुगणारं जॅकेट अंगरख्याच्या आत घालतात. हे जिवावर बेतू शकतं. पाण्यात पडल्यावर ते फुगतं, बाहेर घट्ट कापड असतं, आणि छाती दाबली जाते किंवा जॅकेट फुगतच नाही. ते बाहेरच घाला. फारच खटकत असेल तर त्यावरून सैल, ओढली की निघणारी खोळ शिवून घेतात, तीही गटाच्या सुरक्षा प्रमुखाने पाण्यात तपासल्यावर.

पहिल्या फेरीत तुम्हाला वल्हं मिळेल. जोर दाखवू नका, समोरच्याच्या पाठीकडे बघून त्याच्या लयीत ओढा. हुकूम सगळ्यांना एकाच भाषेत आणि एकाच शब्दांत पाठ हवेत, विशेषतः थांबण्याचा. माणूस पाण्यात पडल्याचा सराव प्रेक्षक येण्याआधी करून घ्या. बुडाशी भार म्हणून ठेवलेले दगड बांधलेले आहेत ना, हे निघण्यापूर्वी स्वतः बघा. होडी कलल्यावर ते सरकले तर ती परत सरळ होत नाही.

११. हंगाम संपल्यावर

लोकांची गर्दी ओसरते तेव्हा होडीला माणसांची सगळ्यात जास्त गरज असते. आत साचलेलं गोडं पाणी काढा, तळफळ्या उचलून कोपरे मोकळे करा, शिडं आणि दोर पूर्ण वाळवूनच गुंडाळा. ताडपत्री होडीला घट्ट लपेटू नका. मध्ये आडवा वासा देऊन तंबूसारखी ताणा आणि दोन्ही टोकं उघडी ठेवा, म्हणजे वारा आरपार जाईल. होडी पाण्यातच राहणार असेल तर पंप रोज किती वेळ चालला याची वही ठेवा. तो आकडा एकदम वाढला तर मोठा पंप आणायच्या भानगडीत पडू नका. आधी होडी वर घ्या.